ऑस्कर रॉबर्टसनचा ट्रिपल-डबल: पाच सीझन नव्हे, एकच

सिनसिनाटी रॉयल्स संघाच्या ऑस्कर रॉबर्टसन या गार्डने (चेंडू खेळवणाऱ्या, बास्केटपासून दूर खेळणाऱ्या खेळाडूने) एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या पहिल्या पाचही सीझनमध्ये ट्रिपल-डबलची, म्हणजे गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू) आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) तिन्हींत दर सामन्याला दहा किंवा अधिकची, सरासरी राखली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. अशी सरासरी एकाच सीझनमध्ये आली, 1961-62 ला: 30.8 गुण, 12.5 रिबाउंड, 11.4 असिस्ट.

बाकी चार वेळा घास थोडक्यात हुकला. 1960-61 ला असिस्ट 9.7, 1962-63 ला 9.5. पुढच्या दोन सीझनमध्ये असिस्ट अकराच्या घरात गेले, पण रिबाउंड 9.9 आणि 9.0 वर थांबले. 9.9 चा तो सीझन तर खरंच चुटपुट लावतो. त्याच सीझनचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, रॉबर्टसनच होता.

गफलत होते ती पाच सीझनची एकत्र सरासरी काढल्यामुळे. ती 30.3, 10.4 आणि 10.6 भरते, कारण 1961-62 चे जादा रिबाउंड आणि असिस्ट इतर वर्षांची तूट भरून काढतात. म्हणून 'पहिल्या पाच सीझनची मिळून सरासरी' म्हणा, 'दर सीझनला' नको. तसंही, सहा फूट पाच इंचांच्या गार्डसाठी हा पराक्रम अफाटच आहे.