मोबाइल दाखवून चाकू मागणाऱ्या ग्राहकांसाठी

“हाच द्या,” म्हणत मोबाइल पुढे करणारं गिऱ्हाईक आता रोज येतं. व्हिडिओत कुणीतरी खोक्यातून कोरा चाकू काढतो, कागद उभा धरून सर्रकन कापतो, मग टोमॅटोच्या चकत्या करतो, इतक्या पातळ की पलीकडचं दिसावं. बघायला आम्हालाही आवडतं. पण चाकू घेताना अशा व्हिडिओचा उपयोग किती, हे एकेकाला काउंटरवर समजावून सांगण्यात मागची माणसं खोळंबतात. म्हणून हे पत्रक.

कागद कापला गेला याचा अर्थ एवढाच, की धार नुकतीच लावलेली आहे. चाकू चांगला की वाईट, ते त्यावरून कळत नाही. पटत नसेल तर दुकानात या. प्लास्टिकच्या मुठीची साठ रुपयांची सुरी आम्ही तुमच्यासमोर १००० नंबरच्या दगडावर दोन्ही अंगांनी घासू, कडेला आलेली बर (घासताना पलीकडे वळलेली पोलादाची बारीक कड) काढू आणि पेपरची पुरवणी उभी चिरून दाखवू. पाच-सात मिनिटांचं काम. तीच सुरी घरी नेऊन आठवडाभर रोजचा कांदा-बटाटा चिरा, टोमॅटोची साल दाबून कापावी लागेल. पोलादाची परीक्षा तिथे होते. धार किती दिवस टिकली आणि गेल्यावर किती सहज परत आली, हे बघायचं असतं. व्हिडिओ बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच काढलेला असतो. तोच चाकू सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणारा कुणी सापडला तर त्याचं जरूर ऐका.

खाली ‘इथून विकत घ्या’ अशी लिंक असेल तर बहुतेकदा त्या विक्रीत व्हिडिओवाल्याचं कमिशन असतं. त्यात गैर काही नाही, आमचंही दुकान नफ्यावरच चालतं. पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहावं, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे. तेवढं नजरेखालून घाला.

आमचा खरा वेळ खातात ते टवके उडालेले चाकू.

व्हिडिओत सगळ्यात देखणे दिसतात ते जपानी घाटाचे. लाटांच्या नक्षीवर जाऊ नका. कापायचं काम मधला गाभा करतो, नक्षी बाहेरच्या थरांची असते आणि स्वस्तातल्या पात्यांवर तर नुसती लेसरने छापलेली. बघायचा तो कडकपणा. खोक्यावर बहुधा रॉकवेलचा, म्हणजे कडकपणा मोजायचा आकडा असतो, जितका जास्त तितकं पोलाद कडक: जपानी घाटाच्या चाकूंचा साधारण ६० ते ६२, जर्मन घाटाच्या चाकूंचा ५५ ते ५८. जपानी धारेचा कोन एका बाजूला १५ अंशांच्या आसपास, जर्मन धारेचा २० च्या जवळ. कडक आणि बारीक धार जास्त दिवस टिकते, पण ती वाकत नाही, तुटते. मऊ पोलादाची धार मुडपते, आणि मुडपलेली धार चाकू घासायच्या सळईवर चार हात मारले की सरळ होते.

व्हिडिओवाले हे सांगत नाहीत असं नाही. “हाडं कापू नका,” असं एका वाक्यात सांगून पुढे जातात. ते ऐकून आपल्याकडचा शाकाहारी माणूस निर्धास्त होतो! गेल्या संक्रांतीनंतर एक काकू चाकू घेऊन आल्या. धारेला तीन टवके, त्यातला एक चांगला २ मिलिमीटरचा. “आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही हो.” मग काय कापलंत? “काही नाही. गूळ तेवढा चिरला.”

गुळाची ढेप, लाल भोपळा, नारळ, फ्रीजरमधून थेट काढलेलं काहीही: टवके उडतात ते इथे. भोपळ्यात तर आपण पातं ठोकून घालतो, ते अडकतं आणि मग फोड सुटावी म्हणून मूठ पिळतो. बारीक धार खाली दाबलेली सोसते, आडवी पिळलेली सोसत नाही. हे एवढं सांभाळलंत तर आमच्याकडे येणारे निम्मे चाकू येणार नाहीत. नुकसान आमचं आहे, तरी सांगतो.

आणि टवका काढणं म्हणजे धार लावणं नव्हे. २ मिलिमीटरचा टवका घालवायचा तर मुठीपासून टोकापर्यंत सगळीच धार २ मिलिमीटर खाली घासावी लागते. तेवढं घासल्यावर धार पात्याच्या जाड भागात येते, म्हणून दोन्ही अंगं पुन्हा पातळ करायची. याला आम्ही आठ दिवस मागतो आणि वेगळे पैसे घेतो. “चाकावर पाच मिनिटांत होतं,” असं ऐकवणारे बरेच भेटतात. होतं. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडताना बारीक धार तापते, आणि निळसर झाक आली की पात्याचं पाणी उतरलं म्हणून समजा. तो भाग पुन्हा धार धरत नाही. आम्ही पाणी सोडून, सावकाश घासतो. घाई असेल त्यांनी आधी सांगावं, आम्ही चाकू हातात घेणारच नाही.

व्हिडिओत न कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तुमचा हात. तीस वर्षं विळीवर चिरलेल्या माणसाला भाजी पात्याकडे न्यायची सवय असते, पातं भाजीकडे न्यायची नव्हे. अशांना २० सेंटिमीटरचा लांब चाकू अंगावर येतो. साडेसोळा सेंटिमीटरचा, हलका, रुंद पात्याचा बहुधा जमतो. आमच्याकडे पाट आणि बटाटे-गाजरं ठेवलेली असतात. चार चाकू हातात धरून चिरून बघा, मग ठरवा. घरीही लाकडी किंवा प्लास्टिकचाच पाट वापरा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या पाटावर कुठलीच धार टिकत नाही, मग चाकू सहाशेचा असो की सहा हजारांचा.

व्हिडिओ बघायचेच तर दगडावर धार कशी लावतात आणि भाजी धरताना बोटं आत कशी वळवतात, यासाठी बघा. ते वाचून कळत नाही, बघूनच कळतं.

आणि घरातली विळी मोडीत काढू नका. तिचं पातं जाड आणि मऊ असतं, गूळ-भोपळा तिला चालतो. विळीलाही आम्ही धार लावून देतो.

आमच्याकडून घेतलेल्या चाकूची सहा महिन्यांनंतरची पहिली धार फुकट. टवके त्यात येत नाहीत. बाहेरून मागवलेला चाकूही आणा, तोंड वाकडं न करता लावून देऊ. फक्त आणताना धारेवर पुठ्ठा दुमडून दोरा गुंडाळा. पिशवीत उघडा टाकलेला चाकू काढताना आमच्या पोराच्या बोटाला दोन टाके पडले आहेत.