टाकीवर एक नाव, आत दहा: जुन्या इटालियन मोटरसायकलींच्या सुट्या भागांची पार्श्वभूमी

साठ-सत्तरच्या दशकातली मोटो गुझी किंवा डुकाटी खोलायला घेतली की टाकीवरच्या नावाखेरीज सुटे भाग बनवणाऱ्यांची नावं दिसायला लागतात. कार्ब्युरेटरवर देलोर्तो, स्पीडोमीटरच्या तबकडीवर वेलिया, डिस्ट्रिब्यूटरवर मारेल्ली, रिमवर बोरानी, पुढच्या फोर्कवर चेरियानी नाहीतर मार्झोक्की. पार्ट हवा असला की बहुतेक जण गाडीच्या नावाने शोधतात आणि हात हलवत परततात. माझ्या मते शोध या आतल्या नावांपासून सुरू करायला हवा. या गाड्या ज्या पद्धतीने घडल्या, ती पद्धत पाहिली की त्याचं कारण कळतं.

मोटो गुझी १९२१ पासून कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ या गावात आहे. डुकाटी १९२६ मध्ये बोलोन्यात सुरू झाली ती रेडिओचे भाग बनवायला. तिचा बोर्गो पानिगालेचा कारखाना ऑक्टोबर १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर सगळ्या देशालाच स्वस्त वाहन हवं होतं. डुकाटीने १९४६ मध्ये सायकलला जोडायचं ‘कुच्चोलो’ हे चिमुकलं इंजिन बनवायला घेतलं. कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. ब्रेगांत्सेच्या लावेर्दा घराण्याचा धंदा शेतीच्या यंत्रांचा, पण १९४९ पासून तेही मोटरसायकलीत उतरले. या कारखान्यांभोवती छोट्या उद्योगांचं जाळं विणलं गेलं. मांदेल्लोतच सिलिंडर बनवणारे जिलार्दोनी आणि सायलेन्सरवाले लाफ्रांकोनी उभे राहिले. मोठा कारखाना इंजिन आणि फ्रेम सांभाळी; बाकीचं बरंचसं बाहेरून येई.

मग बाजार आटला. १९५५ मध्ये फियाट ६०० आली, १९५७ मध्ये नवी ५००, आणि कुटुंबवाला माणूस दुचाकीवरून मोटारीकडे वळला. त्याच १९५७ मध्ये गिलेरा, मोटो गुझी आणि मोंदियाल यांनी ग्रां प्री शर्यतींतून अंग काढून घेतलं. पुढे गाड्या थोड्या-थोड्या संख्येने निघू लागल्या, आणि ज्या पुरवठादाराचा माल हाताशी असेल तो बसवला जाऊ लागला. म्हणून एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर वेगवेगळे दिवे, वेगळी स्विचं सापडतात. छापील पार्ट-यादीशी आपली गाडी जुळली नाही तर लगेच ‘कोणीतरी बदललंय’ असा निष्कर्ष काढू नये. ती कारखान्यातूनच तशी निघालेली असू शकते. डुकाटीत तर इंजिन आणि फ्रेमचे क्रमांकही मुळातच वेगवेगळे असत.

या इतिहासातला सर्वात महाग पडणारा तुकडा गुझीच्या व्ही-७ मध्ये आहे. जुलिओ चेझारे कार्कानो यांनी रचलेलं हे ७०३ सीसीचं, गाडीत आडवं बसवलेलं व्ही-ट्विन, म्हणजे ‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन, १९६७ मध्ये विक्रीला आलं. पोलिसांना दिवसभर चालणारी, देखभाल कमी लागणारी गाडी हवी होती, आणि शाफ्ट-ड्राइव्हची, म्हणजे साखळीऐवजी दांड्याने चाक फिरवणारी ही गाडी त्या कामाला चोख होती. अडचण एकच: सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे होते आणि आतून क्रोमचा मुलामा होता. गाडी धावत असे तोवर काही वाटत नसे. वर्षानुवर्षं उभी राहिली की ओल क्रोमच्या बारीक भेगांतून खाली शिरते आणि पापुद्रे सुटायला लागतात. त्या काळच्या इंजिनात तेलाला फिल्टर नाही, नुसती जाळी. कागदी फिल्टर आला तो सत्तरच्या मध्यावर, ८५० टी-३ मध्ये. म्हणजे सुटलेलं क्रोम तेलाबरोबर थेट बेअरिंगांपर्यंत पोचतं. तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरा. आरशाच्या भुग्यासारखे कण चमकले तर इंजिन सुरू न करता तळापासून खोलायचं. इलाज आहे, आणि तो मांदेल्लोतलाच: जिलार्दोनीचे निकासिल (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड) मुलाम्याचे सिलिंडर, पिस्टनच्या जोडीसकट. आधी जाळीवर भरवसा ठेवून गाडी चालवून पाहिली आणि मग क्रँकशाफ्ट घालवला, असं कोणाचं होऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिलं.

डुकाटीची गोष्ट वेगळी. फाबिओ तालिओनी १९५४ मध्ये तिथे आले आणि कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बेव्हल म्हणजे तिरप्या दात्यांच्या गिअरने फिरवायची रीत त्यांनी रुजवली. २३ एप्रिल १९७२ ला इमोलाच्या २०० मैलांच्या शर्यतीत डुकाटीच्या व्ही-ट्विनवर पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, तेव्हापासून या व्ही-ट्विनचं मोल वाढलं ते वाढलंच. १९७४ ची ७५० सुपर स्पोर्ट जेमतेम चारशे बनली. आज तिच्या नावाने नंतर जुळवलेल्या गाड्याही बाजारात फिरतात. या इंजिनात पार्ट मिळण्यापेक्षा तो बसवणं कठीण. प्रत्येक बेव्हल जोडीतली फट शिम म्हणजे पातळ चकत्या घालून ठरवावी लागते, आणि त्याला घाई चालत नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमाने गिअर डाव्या पायाला आणायला लावला, त्याचीही खूण अनेक गाड्यांवर दिसते. डुकाटीच्या ८६० जीटीत उजवीकडचा गिअर दांडा इंजिनाच्या मागून डावीकडे नेलेला आहे. त्याच्या सांध्यांत खेळ आला की गिअर नीट पडत नाही आणि दोष उगाच गिअरबॉक्सला लागतो.

पुढे मालक बदलत गेले. गिलेरा १९६९ मध्ये पियाज्जोकडे, गुझी १९७३ मध्ये दे तोमासोकडे, डुकाटी १९८५ मध्ये काजिवाकडे. नव्या मालकाला जुन्या मॉडेलांच्या भागांत रस नव्हता. ते काम हौशी मंडळींनी आणि छोट्या कारखान्यांनी उचललं. इटलीत जुन्या वाहनांची नोंद ठेवणारी एएसआय ही संस्था १९६६ पासून आहे. इमोला आणि मिलानजवळच्या नोवेग्रोला ‘मोस्त्रा-स्कांबियो’ म्हणजे जुन्या सामानाचे बाजार भरतात. तिथे सतरंजीवर मांडलेल्या ढिगातून अजून तेव्हाचा, न वापरलेला माल निघतो. डुकाटीच्या एक-सिलिंडर गाड्या बार्सिलोनात मोतोत्रान्सही परवान्याने बनवत असे, आणि तिचे भाग डुकाटीचे म्हणून विकले जातात. काही चपखल बसतात. काही हुबेहूब दिसूनही बसत नाहीत. पैसे देण्याआधी आपला जुना पार्ट सोबत न्या आणि मापाचा कॅलिपर लावून मापं जुळवून घ्या.