भुरीची बुरशी अंधारात का हरते?

पाऊस उघडला, आभाळ निवळलं की द्राक्ष बागायतदार सुटकेचा निःश्वास टाकतो. आता पानं कोरडी, म्हणजे बुरशीचा धोका टळला! डावणी (डाउनी मिल्ड्यू) या रोगाच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. पानांवर भुरकट थर धरणाऱ्या भुरीच्या (पावडरी मिल्ड्यूच्या) बाबतीत तो साफ चुकतो, आणि दर हंगामात कितीतरी बागांना ही चूक महागात पडते.

डावणीला पानावर साचलेलं पाणी लागतं. तिचे बीजाणू त्या पाण्यात पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात आणि तिथून पानात शिरतात. भुरीचं म्हणजे एरिसिफे नेकेटर या बुरशीचं तसं नाही. तिच्या बीजाणूत रुजण्यापुरतं पाणी आधीच भरलेलं असतं. पान ओलंचिंब झालं तर उलट बरेच बीजाणू वाया जातात. तिला हवं असतं 20 ते 27 अंशांच्या आसपासचं तापमान, दमट हवा आणि दाट पानांची सावली. ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक-सांगलीकडच्या बागांत पावसाचा मागमूस नसतानाही भुरी येते ती यामुळे.

एखादं भुरकट पान तोडून भिंगाखाली धरा. पानाच्या पृष्ठभागावर रंगहीन तंतूंचं जाळं पसरलेलं दिसेल. त्यातून उभ्या दांड्या वर आलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला बीजाणू तयार होत असतात. या बुरशीचा जवळजवळ सगळा संसार पानाच्या बाहेर असतो. आत शिरतो तो फक्त तिचा अन्न शोषणारा अवयव, तोही सालीच्या अगदी वरच्या थरातल्या पेशींपुरता. कोवळ्या मण्याची साल अशी पोखरली गेली की ती वाढायची थांबते, आतला गर मात्र वाढत राहतो आणि मणी तडकतो. मणी धरल्यावर तीन-चार आठवड्यांत त्याची साल या बुरशीला दाद देईनाशी होते. खरी लढाई असते ती फुलोऱ्यापासून तोपर्यंतची.

भुरी मूळची अमेरिकेतली. 1845 मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याच्या ती नजरेस पडली आणि पुढच्या दहा वर्षांत तिने फ्रान्सच्या द्राक्षबागा झोपवल्या. तेव्हा गंधकाने तारलं. गंधक आजही चालतं, कारण ते बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. नंतरची बरीचशी औषधं एकेकाच ठिकाणी मारा करतात. त्यामुळे बुरशीत एखादा नेमका बदल झाला की औषध निकामी होतं. फवारणी वाढते, रेसिड्यूची, म्हणजे द्राक्षात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची धास्ती वाढते आणि रोग मात्र तिथल्या तिथे.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतलं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. त्यात औषध नाही, दिवा आहे. आणि तो रात्रीच लावावा लागतो.

अतिनील किरणांनी सूक्ष्मजीव मरतात हे जुनंच ज्ञान आहे. डीएनएच्या साखळीत ए, टी, जी, सी ही चार अक्षरं असतात. दोन 'टी' शेजारी-शेजारी असतील आणि त्यांच्यावर अतिनील किरण पडले, तर ते समोरच्या पट्टीवरच्या जोडीदारांना सोडून एकमेकांनाच चिकटू शकतात. विणकामात शेजारचे दोन टाके एकमेकांत अडकले की सुई पुढे सरकत नाही, तशी डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडते. अशा गाठी पुष्कळ झाल्या की पेशीची वाढ थांबते.

पण पेशीही काही मुकाट्याने मरत नाही. 1948 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट केल्नर हे शास्त्रज्ञ, ज्या कुळातल्या जिवाणूंपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळतं त्याच्या बीजाणूंवर अतिनील किरणांचे प्रयोग करत होते. मेले असं वाटलेले बीजाणू काही वेळा मोठ्या संख्येने जगत. केल्नर यांनी आधी तापमानावर संशय घेतला, पण कारण निघालं साधा उजेड. दिवसाच्या प्रकाशाने बीजाणू सावरत होते! यामागे फोटोलायेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे. ते डीएनएवर सरकत सरकत गाठ शोधतं आणि ती गाठ साखळीतून बाहेर वळवून आपल्या खोबणीत घेतं. मग ते थांबतं, निळ्या प्रकाशाच्या एका कणासाठी. तो मिळाला की विकरातला फ्लेविन हा रेणू गाठीला एक इलेक्ट्रॉन देतो, गाठ सुटते आणि इलेक्ट्रॉन परत फ्लेविनकडे येतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं. याच विकरावर आयुष्य वेचणारे अझीझ सँकार 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. माणसात हे विकर नाही, आपण वेगळ्या मार्गाने दुरुस्ती करतो. भुरीची भिस्त मात्र यावर मोठी आहे.

आता डाव लक्षात येईल. दिवसा दिवा लावला तर तोडफोड आणि दुरुस्ती एकाच वेळी चालते. मग बुरशी मारायला इतका तीव्र झोत लागतो की पानंही भाजतात. रात्री लावला तर निळा प्रकाश नाही, फोटोलायेज गाठ धरून नुसतं बसून राहतं. दुरुस्तीचा दुसरा, अंधारातला मार्ग संथ आहे. त्यामुळे वेलीला इजा न होण्याइतक्या सौम्य झोतानेही बुरशी आवरता येते. पानाच्या सालीत अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात, पण बुरशी रंगहीन आणि तीही उघड्यावर. स्ट्रॉबेरीवरच्या प्रयोगांत दिव्यानंतर साधारण चार तास अंधार मिळणं गरजेचं दिसलं.

नॉर्वेतले शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड गॅडोरी यांनी ही पद्धत काचघरातून शेतात आणली. न्यूयॉर्क राज्यातल्या शार्डने द्राक्षांवर रात्रीच्या झोताने भुरी चांगली आटोक्यात राहिली. आज असे दिवे घेऊन फिरणारे यंत्रमानव इंग्लंडमधल्या स्ट्रॉबेरीत आणि कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागांत काम करतात.

इथे दोन गोष्टी ठणकावून सांगायला हव्यात. अमावस्या-पौर्णिमा पाहून रोगाचं भाकीत करणाऱ्यांना यात काही आधार नाही. भुरीला तिथी कळत नाही, तापमान आणि सावली कळते. आणि कोविडच्या काळात अतिनील पेट्यांचा जसा बाजार भरला होता तसा उद्या बागेच्या दिव्यांचा भरला, तर भुलू नका. हे किरण डोळे आणि कातडी भाजून काढतात. उघडा दिवा हातात धरून बागेत फिरणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

आपल्याकडे या पद्धतीला एक गोष्ट अनुकूल आहे. न्यूयॉर्कमध्ये द्राक्षं फुलतात ती जूनमध्ये, तेव्हा तिथली रात्र जेमतेम नऊ तासांची. आपला हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरचा, नाशिकला रात्र तेरा तासांच्या आसपास. अंधाराला तोटा नाही. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्लॉटवर आपल्या वाणांवर याच्या कसून चाचण्या व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. अडचण आहे ती आपल्या मांडवाची. अतिनील किरण पानाआड वळून जात नाहीत, सावलीतला घड सुटला तर सुटलाच. वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल पसरवलेल्या गच्च मांडवात दिवे खालून आणि दोन्ही बाजूंनी लावावे लागतील, आणि तरीही घडाभोवतीच्या पानांची विरळणी वेळेवर करावीच लागेल.