पायाला गार, पण घर गार आहे का?

मे महिन्याच्या दुपारी शहाबादी फरशीवर पाठ टेकली की जीव सुखावतो. शेजारीच लाकडी पाट पडलेला असतो, त्याच खोलीत, सकाळपासून. तापमापी लावली तर दोन्हींचा आकडा जवळपास सारखाच येईल. तरी फरशी गार लागते, पाट लागत नाही. कारण त्वचेला फरशीचं तापमान कळत नाही. कळतं ते स्वतःचं, आणि ते किती झपाट्याने उतरलं हे.

समजा तळवा ३३ अंशांवर आहे आणि जमीन २८ अंशांवर. ढोबळ गणित केलं तर ग्रॅनाइटवर पाय ठेवताच स्पर्शाच्या जागी तापमान ३० च्या किंचित खाली येतं, लाकडावर मात्र ३१-३२ वरच थांबतं. दगडाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, घनता आणि उष्णता धरण्याची ताकद या तिन्हींचा गुणाकार मोठा. तो पायाची ऊब ओढून घेत राहतो. लाकडाचा पृष्ठभाग लगेच तापतो आणि देवाणघेवाण मंदावते.

यात कारागिराचा हातही असतो. टाकी मारून खरबरीत ठेवलेला दगड पायाला फक्त उंचवट्यांवर भेटतो, मधे हवा अडकलेली असते. तोच दगड पॉलिश केला की सगळा तळवा टेकतो आणि फरशी जास्त थंड वाटते. दगड तोच, खाण तीच.

सारवलेली जमीन दगड आणि लाकूड या दोघांच्या मधली. माती चोपून घट्ट केली की तिच्यातली हवा कमी होते आणि ती दगडाकडे झुकते. सैल राहिली तर लाकडाकडे. वाळताना माती आकसते आणि तडकू पाहते. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक धागे असतात, ते हा ताण वाटून घेतात, म्हणून मोठी भेग पडण्याऐवजी केसाएवढ्या रेघांवर भागतं. जमिनीवर हाताचे अर्धगोल उमटतात ते दिसायला सुंदर, पण दर आठवड्याला ओणवं होऊन ते काढणाऱ्या बाईच्या कमरेला विचारावं. वाळवी आणि घुशी वेगळ्याच. मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा तरी सारवून बघावं.

व्हिट्रिफाइड टाइलला तो त्रास नाही. तिच्यात पाणी मुरण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. मात्र पावसाळ्याच्या तोंडावर दमट वारं आलं आणि तळमजल्याची जमीन अजून गार असली, तर हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन साचते. माती ते थोडंफार पिऊन टाकते, टाइल तसंच धरून बसते. घरातली म्हातारी माणसं घसरतात ती अशाच दिवशी.

पायाला मिळणारा गारवा क्षणाचा. घराचा गारवा तासांचा असतो. फूटभर मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला दहा-अकरा तास लागतात, म्हणजे ती येते मध्यरात्रीनंतर, बाहेर हवा निवलेली असताना. तोवर तिचा जोरही पार ओसरलेला असतो. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून ती तीन-चार तासांतच खाली उतरते, म्हणजे ऐन संध्याकाळी, माणसं घरी परतण्याच्या वेळेला. गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक घालतात त्याचा एक फायदा हाच: बरंचसं ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परत जातं.

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला बिल्डरचा माणूस सकाळी अकराला बोलावतो. टाइल पायाला छान गार लागते. आपण उन्हाळ्यात संध्याकाळी सातला जावं आणि हात छताजवळ धरावा.