विंचवाचं बिऱ्हाड यलोस्टोनला : मोटरहोम ठरवण्याआधी हे वाचा

सॉल्ट लेक सिटीत आम्ही मोटरहोम भाड्यानं देतो. आमच्याकडे येणारा फोन बहुधा असा असतो : "जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात यलोस्टोनला जायचंय, आम्ही सहा जण, भारतातून आई-बाबाही येतायत. गाडी मिळेल का?" गाडी बहुतेक वेळा मिळते. मग आम्ही विचारतो, "रात्री ती उभी कुठे करणार?" आणि पलीकडे शांतता पसरते.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, कुठेही थांबलं की झोपता येतं, अशी समजूत असते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तसं चालत नाही. रस्त्याकडेला, पार्किंगमध्ये, व्ह्यू पॉइंटवर रात्र काढायला मनाई आहे. रात्री गाडी उभी राहणार ती कॅम्पग्राउंडमधल्या तुमच्या नावावरच्या जागेतच. म्हणून आधी जागा, मग विमानाची तिकिटं, आणि सगळ्यांत शेवटी आमचा अ‍ॅडव्हान्स. धंद्याच्या दृष्टीनं हे उलटं वाटेल, पण जागा न मिळाल्यामुळे रद्द झालेलं बुकिंग आम्हालाही नको असतं.

जागा कशी धरायची

उद्यानात बारा कॅम्पग्राउंड आहेत. त्यांतले पाच मोठे (मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क; आरव्ही म्हणजे मोटरहोमसारख्या राहत्या गाड्या) उद्यानाची ठेकेदार कंपनी चालवते. त्यांचं बुकिंग वर्षभराहूनही आधी, सुमारे तेरा महिने अगोदर उघडतं. बाकीचे लहान कॅम्पग्राउंड राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहेत. त्यांचं बुकिंग सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी सुरू होतं, मात्र आमच्या लांबीच्या गाडीला तिथल्या थोड्याच जागा पुरतात. २०२१ साली या उद्यानाची ४८ लाखांहून जास्त भेटींची नोंद झाली, आणि त्यातली मोठी गर्दी जून ते ऑगस्टमधली. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणाऱ्याला जुलैची जागा मिळणं कठीणच.

तरी आशा सोडू नका. लोक बुकिंग रद्द करतात. रोज सकाळी चहाबरोबर एकदा संकेतस्थळ उघडून बघायची सवय लावा. आमच्या कित्येक गिऱ्हाइकांना अशीच जागा मिळाली आहे, सलग पाच रात्री नाही, पण दोन इथे आणि तीन तिथे. ती तर उलट जास्त सोयीची, का ते पुढे येतंच.

जागा घेताना गाडीची लांबी विचारतात. २९ फुटी गाडीला २५ लिहू नका. चार फुटांची थाप अंधारात झाडाला मागचा बंपर टेकला की उघडी पडते.

दोन मुक्काम, पाच रात्री

रोज नवा तळ टाकू नका. उद्यानाचा मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, १४२ मैलांचा. नकाशावर तो एका दिवसाचा वाटतो. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, त्यात वळणं, आणि एखादा बायसन रस्त्याच्या मधोमध रेंगाळला की मागे अर्धा तास रांग. गाडी हलवायची म्हणजे प्रत्येक वेळी भांडी, बाटल्या, चपला, लॅपटॉप सगळं जागच्या जागी कोंबायचं. तिसऱ्या दिवशी घरातली सगळ्यांत शांत व्यक्तीही चिडते.

आम्ही सुचवतो तो बेत असा. पश्चिमेच्या दारानं शिरा आणि पहिल्या दोन रात्री मॅडिसनला काढा. वेस्ट यलोस्टोन गावापासून हे १४ मैलांवर आणि ओल्ड फेथफुल या उसळत्या गरम कारंज्यापासून १६ मैलांवर आहे. इथे गाडीला जोडायला वीज-पाणी नाही आणि अंघोळीची सोयही नाही. पण तुम्ही आमच्याकडून नुकतेच निघालेले असता, पाण्याची टाकी भरलेली आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या, त्यामुळे दोन रात्री सहज निघतात. तिसऱ्या सकाळी मॅडिसनच्याच डंप स्टेशनवर टाक्या रिकाम्या करा आणि नॉरिस, कॅन्यन बघत फिशिंग ब्रिजला जा.

फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क हे उद्यानातलं एकमेव कॅम्पग्राउंड, जिथे प्रत्येक जागेवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी तिन्ही मिळतात. शॉवर आणि कपडे धुण्याची मशीनही आहेत. इथे तंबूला परवानगी नाही, कापडी भिंतींच्या ट्रेलरलाही नाही, कारण हा अस्वलांचा इलाका आहे. नावावर जाऊन गळ मात्र आणू नका. त्या पुलावरून मासेमारी १९७३ पासून बंद आहे. पुलावर उभं राहून खाली ट्राउट बघायचे, बस्स.

सॉल्ट लेकहून निघताना

गाडी ताब्यात घ्यायला दीड तास धरा. आम्ही सगळं दाखवतो आणि दुसऱ्यांदा तुम्हालाच करून दाखवायला सांगतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, उद्यानात बहुतेक ठिकाणी रेंज नसते आणि आम्हाला फोन लागत नाही. नकाशेही आधीच उतरवून घ्या.

इथून वेस्ट यलोस्टोन सुमारे ३२० मैल. आय-१५ महामार्गानं आयडाहो फॉल्सपर्यंत आणि पुढे यूएस-२०. छोट्या गाडीला पाच तास लागतात, तुम्ही सात धरा. मोठी किराणा खरेदी आयडाहो फॉल्सलाच उरका, पुढे सगळं महाग आणि कमी. दुपारी उशिरा गाडी घेऊन रात्री मॅडिसनच्या अंधारात पहिल्यांदा मागे घेण्याची हौस नको.

चालवायला गाडी अवघड नाही, लांब आहे एवढंच. मागच्या चाकांच्या मागे बरंच धूड लोंबतं. वळताना पुढचं तोंड डावीकडे गेलं की ते शेपूट उजवीकडे फिरतं. पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब याच शेपटानं पाडले जातात. मागे घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे. उंचीही लक्षात ठेवा, बँकेच्या आणि बर्गरवाल्याच्या छताखालून जाता येत नाही. पंपावर इंधन भरताना गॅसचा, म्हणजे प्रोपेनचा, मुख्य कॉक बंद करा.

चालत्या गाडीत सगळे बेल्ट लावून बसलेले हवेत. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर मुलांना झोपायचं असतं आणि आजोबांना मध्येच चहा हवा असतो. दोन्ही गोष्टी गाडी थांबल्यावर.

वीज, पाणी आणि ती दुसरी टाकी

फिशिंग ब्रिजला तुम्ही वायर जोडलीत तरी गाडीची क्षमता ३० अँपियर, म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट. घरच्या सवयीनं इलेक्ट्रिक किटली, मायक्रोवेव्ह आणि एसी एकदम लावलात की ब्रेकर पडणार. एका वेळी एक मोठं उपकरण, एवढं सांभाळा. मॅडिसनला जनरेटर लागेल, तो सकाळी ८ ते रात्री ८ या वेळातच चालवता येतो. फोन दिवसा चार्ज करा.

आता तो विषय, जो विचारायला सगळे लाजतात. गाडीखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या आहेत. बेसिन आणि शॉवरचं पाणी ग्रे टाकीत, संडासचं ब्लॅक टाकीत. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे. साबणाच्या पाण्यानं नळी आपसूक धुतली जाते, म्हणून हा क्रम. हातमोजे डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात ठेवलेत.

फिशिंग ब्रिजला नळी कायम जोडलेली असते, म्हणून ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा असं वाटतं. ठेवू नका. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि उरलेला घट्ट भाग तळाशी बसून वाळतो. आमच्या स्वतःच्या पहिल्या सहलीत आम्ही हेच केलं, आणि परत आल्यावर एक अख्खा शनिवार पाण्याचा पाइप घेऊन गाडीखाली काढला. टाकी दोनतृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. कागद फक्त आम्ही दिलेलाच वापरा. ओले वाइप्स अजिबात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

ग्रे पाणीही जमिनीवर सोडणं बेकायदा आहे, "नुसतं तांदूळ धुतलेलं पाणी आहे" म्हणून सुटका नाही. शॉवर घेताना अंग भिजलं की नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. सहा जणांनी घरच्यासारखी अंघोळ केली तर पहिल्याच सकाळी टाकी कोरडी पडेल.

कुकर आणि अस्वल

कुकर जरूर घ्या. उद्यानाचा बहुतेक भाग साडेसात हजार फुटांच्या वर आहे. ओल्ड फेथफुलपाशी पाणी ९३ अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही. कुकरमध्येही घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. फोडणी देताना छतावरचा पंखा आणि खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि अर्धं कॅम्पग्राउंड जागं होतं. मासे तळायचा बेत असेल तर घरी परतल्यावर करा, गादीला लागलेला वास आम्हाला आठवडाभर पुरतो.

जेवून झालं की बाहेरच्या टेबलावर काहीही ठेवायचं नाही. अन्न तर नाहीच, पण रिकामा कुकर, कूलर, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, कुत्र्याची वाटीसुद्धा गाडीत. हा उद्यानाचा नियम आहे आणि रेंजर फेरी मारून बघतात. चटावलेलं अस्वल माणसांच्या मागे लागतं आणि शेवटी बरेचदा त्याला मारावं लागतं.

जनावरांपासून अंतर : अस्वल, लांडगा आणि कूगर (पहाडी सिंह) १०० यार्ड, बाकी सगळी २५ यार्ड. बायसन गोठ्यातल्या म्हशीसारखा निवांत दिसतो, पण तो माणसाच्या तिप्पट वेगानं धावतो आणि यलोस्टोनमध्ये सर्वांत जास्त माणसं त्यानंच जखमी केली आहेत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांचा माजाचा काळ असतो, तेव्हा नर विशेष बिथरलेले असतात. हेडन व्हॅलीत गाडीतूनच बघा, मोटरहोमच्या उंच खिडकीतून छोट्या गाडीपेक्षा छान दिसतं.

बघायचं कधी

सहा-साडेसहाला निघा. अंथरुणं तशीच ठेवून, मुलांना झोपेतच उचलून बेल्ट लावा, नाश्ता तिथे पोहोचून. मोटरहोमचा खरा फायदा हाच आहे. ओल्ड फेथफुलच्या मोठ्या पार्किंगमध्ये पोहे करून खाल्लेत की पुढच्या उद्रेकाची वेळ बघायला जा. दोन उद्रेकांमधलं अंतर साधारण दीड तास, आणि अंदाज दहा मिनिटं पुढेमागे होतो. ग्रँड प्रिझमॅटिक हा रंगीत गरम पाण्याचा झरा जिथे आहे त्या मिडवे बेसिनचं पार्किंग लहान आहे. दहानंतर मोठ्या गाडीला तिथे जागा मिळायची नाही. संध्याकाळी या.

फायरहोल लेक, व्हर्जिनिया कॅस्केड आणि ब्लॅकटेल प्लॅटो या आडवाटांवर मोटरहोमला बंदी आहे. फाट्यावर पाटी असते, ती वाचा. आत गेलात तर मागे वळवता येणार नाही.

लाकडी पायवाट सोडून एक पाऊलही टाकू नका. खालची जमीन काही ठिकाणी पापुद्र्याएवढी पातळ आहे आणि तिच्याखाली उकळतं पाणी. लहान मुलांचा हात धरा.

भर जुलैतही रात्री पारा शून्याजवळ उतरू शकतो. आई-बाबांसाठी कानटोपी आणि पायमोजे घ्याच. पहिल्या दिवशी उंचीमुळे त्यांचं डोकं जड होईल, पाणी भरपूर द्या आणि लांब चालणं दुसऱ्या दिवसावर ठेवा.

खर्चाचं थोडक्यात

आमचे दर वेगळ्या कागदावर आहेत. प्रवेश खासगी गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर. वर्षभराचा सर्व उद्यानांचा पास अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलर. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्यांना यलोस्टोनसह अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आकार लागू झाला आहे. त्यांच्यासाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास घेतला तर तो जादा आकार पडत नाही. भारतातून पाहुणे येणार असतील तर हा हिशेब निघण्याआधी करा, दारावर नको. इंधनाचं म्हणाल तर गाडी गॅलनला आठ ते दहा मैल देते. जाऊन-येऊन आणि आतलं फिरणं धरून साडेनऊशे मैल होतात, म्हणजे ९५ ते १२० गॅलन.

परतताना

फिशिंग ब्रिजहून दक्षिणेच्या दारानं ग्रँड टीटन बघत जॅक्सनला उतरा. तिथून जीपीएसनं टीटन पास या घाटाचा रस्ता सुचवला तर तो घेऊ नका, दहा टक्क्यांचा उतार ब्रेकला झेपत नाही. यूएस-८९ नं अल्पाइनमार्गे या.

गाडी देताना दोन्ही टाक्या रिकाम्या, इंधन भरलेलं आणि आतून एकदा केर काढलेला हवा. वरच्या कप्प्यांत पुन्हा हात फिरवा. कुकरची शिट्टी हमखास विसरते. आमच्या टेबलाच्या खणात सध्या तीन पडल्या आहेत. फोन केलात तर पोस्टानं पाठवू.