तयार झालेले पाणी आणि सायकल झालेली टाकी

सांगली-साताऱ्यात गोड्या पाण्यातील मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला नळाचे पाणी आधी उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावे लागते हे ठाऊक असते, त्यामुळे त्याबद्दल येथे सांगण्यासारखे काही नाही. अडचण होते ती याच सवयीच्या बळावर खाऱ्या पाण्याची पहिली लहान टाकी मांडताना. आरओच्या पाण्यात सागरी मीठ विरघळवले, विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले, पंप दोन दिवस चालून पाणी नितळ झाले, की ‘सायकल पूर्ण’ असे जाहीर होते आणि क्लाउनफिश घरी येतो. वास्तविक तयार झालेले असते ते फक्त पाणी.

पाणी तयार करणे हे मोजमापाचे काम असून ते एका दिवसात उरकते. सायकल म्हणजे जिवाणूंची वसाहत उभी राहणे, आणि तिला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून विषारी अमोनिया येतो; काही सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. ही मंडळी मुख्यतः दगड, वाळू आणि फिल्टरमधील माध्यमाला चिकटून राहतात, म्हणूनच आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरून समुद्राचे पाणी कॅन भरून आणले तरी त्यासोबत सायकल येत नाही.

खरा घोटाळा होतो तो टेस्ट किटवरील शून्यात. नव्या टाकीत पहिल्या दिवशीही अमोनिया शून्यच दिसतो, कारण तो तयार करणारे तेथे काहीच नसते. ताट रिकामे आहे ते जेवण झाल्यामुळे की वाढलेच नसल्यामुळे, हे नुसते ताट पाहून कळत नाही. म्हणून अमोनिया मुद्दाम द्यावा लागतो: अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून पातळी सुमारे २ पीपीएमवर (दशलक्ष भागांत २ भाग) आणावी, आणि २४ तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, शिवाय नायट्रेट वाढलेले दिसले, तरच सायकल झाली असे मानावे. अमोनिया उतरला पण नायट्राइट चढलेलाच राहिला, तर काम अर्धेच झाले आहे. बाटलीतील जिवाणूंनी वेळ वाचू शकतो, पण त्यांनाही हीच परीक्षा द्यायला लावावी. काचेवर तपकिरी शेवाळ आले की टाकी तयार, हा समज तर मला मुळीच मान्य नाही. त्यावरून जिवाणूंची क्षमता कळत नाही.

गोड्या पाण्यात अशी घाई कधीकधी खपून जाते, कारण पीएच ७.२ च्या आसपास असेल तर अमोनियाचा बहुतांश भाग अमोनियमच्या, म्हणजे पुष्कळच कमी विषारी, रूपात असतो. खाऱ्या टाकीचा पीएच ८.२ च्या जवळपास ठेवावा लागतो, आणि तेथे विषारी भाग सुमारे दहापट होतो. नायट्राइटची गोष्ट मात्र उलटी आहे: खाऱ्या पाण्यातील भरपूर क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून कमी शिरते, त्यामुळे गोड्या पाण्याइतके घातक ठरत नाही.

‘कणखर’ म्हणून एखादा डॅमसेल सोडून त्याच्यावर सायकल करण्याची पद्धत मला क्रूर आणि निरर्थकही वाटते: मासा कल्ले जाळून घेतो आणि पुढे त्या लहान टाकीत दुसऱ्या कोणाला सुखाने राहू देत नाही. समुद्रातून काढलेल्या ‘लाइव्ह रॉक’च्या, म्हणजे जीव वसलेल्या प्रवाळी दगडाच्या, मागेही लागू नये, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडकाळ प्रवाळ येतात आणि कोरडा सच्छिद्र दगड हेच काम थोड्या उशिराने करतो.

सायकल पूर्ण झाल्यावर साठलेला नायट्रेट कमी करण्यासाठी निम्मे पाणी बदलावे. वसाहत दगडावर असल्याने ती जात नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडते पण मीठ मागे राहते, म्हणून उडालेल्या पाण्याची भर साध्या, बिनमिठाच्या आरओ पाण्याने घालावी. मासा आणायला उशीर होणार असेल, तर दर काही दिवसांनी थोडा अमोनिया देत राहावे, नाहीतर जिवाणूंची उपासमार होऊन क्षमता घटते.