एक तोळा सव्वाचार मासे : मध्य प्रांतातल्या शिकारी गोळीची गोष्ट

नागपुरात बंदुकीच्या दुकानात रायफलीची काडतुसं मागितली की दुकानदार आधी परवाना मागतो आणि मग बहुतेक वेळा .३१५ चं, म्हणजे .३१५ इंच मापाच्या काडतुसांचं, खोकं पुढे सरकवतो. त्यातलं एक काडतूस हातात घेऊन बघा. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला बाहेर आलेली कडा, बुडावर केएफ ही अक्षरं. केएफ म्हणजे खडकीची फॅक्टरी. पुंगळीच्या तोंडात बसवलेल्या गोळीवर धातूचं पातळ आवरण असतं, पण टोकाशी ते संपतं आणि करडं शिसं उघडं पडतं. नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. गोळीचं वजन २४४ ग्रेन. तोळा १८० ग्रेनचा आणि मासा १५ ग्रेनचा धरला, तर इतवारीतला जुना सराफ हिशोब सांगेल : एक तोळा सव्वाचार मासे.

अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत हरणावर कोणती गोळी चालवावी यावर शिकारी रात्र रात्र वाद घालतात. हलकी की जड, पोकळ की भरीव, शिशाची की तांब्याची. आपल्याकडे हा वाद फारसा ऐकू येत नाही, कारण निवड करायला काही उरलेलंच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती निवड दुसऱ्यांनीच करून टाकली, आणि तसं करताना त्यांच्या डोक्यात हरीण नव्हतंच.

सुरुवात साध्या गोल गोळीपासून करू. तोड्याची बंदूक असो की नंतरची ठासणीची, नळी आतून गुळगुळीत आणि गोळी म्हणजे शिशाचा वाटाणा. ‘बारा बोअर’ हे नाव त्याच काळातलं : नळीत बरोबर बसतील अशा १२ गोळ्यांचं वजन एक पौंड. म्हणजे एक गोळी ५८३ ग्रेनची, सव्वातीन तोळ्यांची. एवढं शिसं चाळीस पावलांवरून लागलं तर सांबरही खाली बसतं. पण पन्नास-साठ यार्डांपुढे गोळी कुठे जाईल याचा भरवसा झाडणाऱ्यालाही नसे.

आणि मध्य प्रांताची पंचाईत अशी, की इथे जंगलही होतं आणि माळही. नागपूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला सागवान-बांबूचं दाट रान. तिथे हाका घालायचा, हाकेवाल्यांनी डबे बडवत जनावर पुढे काढायचं आणि मचाणावर बसलेल्याने वीस-तीस पावलांवर बार टाकायचा. इथे लागते जड गोळी; ती बांबूच्या काडीला लागून भरकटता कामा नये आणि दोन-अडीचशे किलोच्या सांबराच्या खांद्यातून आत जायला हवी. पश्चिमेला वऱ्हाडाकडे निघालं की काळी माती, कपाशी, उघडे माळ. तिथे काळवीट. ३५-४० किलोचं अंग, पण नजर अशी की माणूस दिसताच कळप उधळतो. बैलबंडीला मात्र ती जनावरं बुजत नसत, म्हणून शिकारी बंडीच्या आडोशाने चालत जायचा आणि तरीही शंभर-दीडशे यार्डांवरच थांबायचा. इथे लागते हलकी, वेगवान, सरळ जाणारी गोळी. काळवीट आणि रोही (नीलगाय) दोन्ही कुरंग कुळातले, शिंगं आयुष्यभर टिकणारे. चितळ-सांबर सारंग कुळातले, त्यांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. प्राणिशास्त्राला ही विभागणी महत्त्वाची. गोळीला नाही. ती फक्त दोन गोष्टी विचारते : अंतर किती आणि अंग किती जाड.

नळीला आतून आटे पाडून गोळीला फिरकी देण्याची युक्ती जुनीच, पण शिकाऱ्याच्या हातात ती खऱ्या अर्थाने आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीची .५७७ ची लांबट गोळी आपल्याला शाळेत वेगळ्या कारणाने शिकवतात, काडतुसाच्या चरबीमुळे. शिकारीत फरक पाडला तो ‘एक्सप्रेस’ रायफलींनी. लंडनच्या जेम्स पर्डीने १८५६ मध्ये आगगाडीवरून हे नाव उचललं. कल्पना सोपी : दारू जास्त, गोळी हलकी, म्हणजे वेग जास्त आणि मार्ग सपाट. गोळी हलकी करायला तिचं नाक पोकळ कोरायचं, कधी त्या भोकात तांब्याची नळी बसवायची. काळवीट आणि चितळ जागेवर पडू लागले. मात्र तीच गोळी सांबराच्या किंवा रोह्याच्या खांद्यावर बसली तर कातड्याच्या आतच फुटून विखुरली जायची. जखम रुंद, पण उथळ. जनावर रक्त सांडत मैलभर जायचं. सर सॅम्युअल बेकर या नामांकित शिकाऱ्याने पोकळ गोळीला उघड विरोध केला आणि शुद्ध शिशाच्या भरीव गोळीची बाजू घेतली. गोळी अंगात शिरल्यावर किती फुलावी, म्हणजे पसरून रुंद व्हावी, आणि किती आत जावी, हा आजही न मिटलेला वाद तेव्हाच मांडला गेला होता.

मग दारूच बदलली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू केली आणि १८८६ मध्ये फ्रेंच फौजेला तिच्यावर चालणारी लेबेल रायफल मिळाली. वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या पुढे गेला. एवढ्या वेगात नुसतं शिसं आट्यांना धरून राहत नाही, सोलवटून नळीत चिकटतं. त्यावरचा उपाय स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने १८८२ मध्येच शोधून ठेवला होता : शिशाला तांब्याचं आवरण. नळी साफ राहिली, गोळी दूर गेली. पण ही झाकलेली गोळी फुलत नाही. सुईसारखी आरपार जाते आणि पलीकडच्या शेतातही पोचते.

ब्रिटिशांना हे कळलं ते वायव्य सरहद्दीवर. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत .३०३ ची नवी गोळी लागूनही समोरचा पठाण धावत येतो, अशी सैनिकांची तक्रार होती. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलं. हीच ‘दमदम गोळी’. साऱ्या जगाच्या भाषांत गेलेलं हे नाव बंगालमधल्या एका गावाचं आहे. १८९९ च्या हेग परिषदेत अंगात गेल्यावर फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. ‘रानटी’ शत्रूला थोपवायला अशी गोळी लागतेच, हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद तिथे टिकला नाही. ब्रिटनने मात्र त्या ठरावाला मान्यता द्यायला १९०७ साल उजाडू दिलं.

इथे एक उलटापालट झाली आणि तीच आपल्या खोक्यापर्यंत येते. माणसाला मारताना गोळी झाकलेली हवी, कारण निदान जखम तरी स्वच्छ व्हावी. हरणाला मारताना गोळी उघड्या टोकाचीच हवी, कारण जनावर लगेच मरावं, कुढत मरू नये. म्हणजे युद्धात जे अमानुष ठरलं तेच शिकारीत दयेचं ठरलं. मला यातली विसंगती अजूनही पचत नाही, पण गोळी कशी काम करते ते पाहिलं तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

दुसरी गाठ कायद्याची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बंद झाली. गोऱ्यांना सूट होती. पुढे सरकारला काळजी वाटू लागली ती काडतुसांची. फौजेचं काडतूस शिकाऱ्याच्या पेटीतून बंडखोराच्या बंदुकीत गेलं तर? १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या. .३०३ ही नागरिकांच्या हातून गेली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७० अशी फौजेशी न जुळणारी मापं काढली. त्याच १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी होती, .३०३ नव्हे.

सामान्य परवानेधारकाच्या वाट्याला आलं ते .३१५. हे मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं ८ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस. आपल्या फौजेत ते नव्हतं, म्हणून सरकारला चाललं. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने त्याच मापाची शिकारी रायफल काढली, काडतूस खडकीने दिलं, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यातही फौजी मापं नागरिकांना निषिद्धच राहिली. नागपूरला अंबाझरीची आयुध निर्माणी दाराशी असूनही रायफलीच्या काडतुसाशी तिचा संबंध नाही. तिथे तोफगोळ्यांची कवचं होतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपूरला आलं आणि खडकी गेली म्युनिशन्स इंडियाकडे. खोक्यातली गोळी तीच राहिली : बोथट टोक, २४४ ग्रेन. जंगलातल्या जवळच्या बाराला ठीक, माळावरच्या काळविटाला अवघड, कारण दीडशे यार्डांपुढे ती चांगलीच खाली येते.

मध्ये एक झगमगता काळ होऊन गेला. १९५० च्या दशकात नागपुरात अल्विन कूपर नावाची कंपनी परदेशी पाहुण्यांना मध्य भारतात शिकारीला नेत असे. ती काढणारे विद्याचरण शुक्ल पुढे केंद्रात मंत्री झाले. शिक्षण मॉरिस कॉलेजातलं. वन खात्याने रानाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत आणि परवान्यावर कोणतं जनावर, किती, हे ठरलेलं असे. तिकडे अमेरिकेत गोळी पुढे सरकत होती. मूस नावाच्या अजस्र सांबरावर गोळी फुटून वाया गेल्याच्या अनुभवातून जॉन नॉस्लर यांनी गोळीच्या पोटात आडवी भिंत ठेवली. पुढचा भाग फुलतो, मागचा भिंतीआड शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ती विक्रीला आली. बेकर यांच्या तक्रारीला हे पहिलं नीट उत्तर म्हणायला हरकत नाही. १९८० च्या दशकाअखेर रँडी ब्रुक्स यांनी शिसंच काढून टाकलं आणि अख्खी तांब्याची गोळी केली. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते. गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या शिशाच्या कणांमुळे कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीतून शिसं हद्दपार केलं. यातलं काही नागपूरच्या काउंटरवर पोचलं नाही, आणि पोचायचं कारणही उरलं नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाची शिकार आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती संपवली.

मग आज ही गोळी कशासाठी? काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात विचारा. काळवीट आणि चिंकारा त्या कायद्याच्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत, त्यांनी हरभरा खाल्ला म्हणून बंदूक उचलता येत नाही. रोही आणि रानडुकरासाठी मात्र कायद्याच्या ११ व्या कलमात वाट आहे आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने पीक खाणाऱ्या या दोन जनावरांना परवानगीने मारण्याची पद्धत घालून दिली. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या रानडुकरांवरून तेव्हाचे केंद्रीय मंत्री मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. त्या वादात कोणती गोळी, हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

कागदावर परवानगी असली तरी शेतकऱ्याच्या घरी असते ती बारा बोअर, नाहीतर पीक राखणीच्या परवान्यावरची ठासणीची. बारा बोअरमध्ये एल.जी.चे मोठे छर्रे भरतात. दोनशे किलोच्या रोह्याला ते लागतात, पण पुरत नाहीत. काटोलकडच्या माझ्या मामांचं म्हणणं एका वाक्यात संपतं : ‘गोयी लागते न बापा, पन रोही थांबते काय? नाल्यापार जाऊन पडते अन् मंग आपन हुडकत बसाचं.’

मामांनी .३१५ साठी अर्ज करायचं दोनदा मनात आणलं आणि दोनदा सोडलं. रायफलीची किंमत ऐकली तेव्हा एकदा, आणि एकदा निवडणूक लागली तेव्हा. आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. विधानसभेच्या वेळी त्यांची बारा बोअरही गेली होती आणि नेमकी तेव्हा तूर फुलावर होती. ते दिवस त्यांनी दिवाळीच्या उरलेल्या सुतळी बॉम्बवर काढले.